वाढते ऊन आणि कायदेमंडळाचे कर्तव्य



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे तिच्या धर्तीवर महाराष्ट्रात गावोगाव अशा माला भरू लागल्या. नाव वसंताचे असले तरी आपल्या मराठवाड्यात ही व्याख्याने उन्हाच्या तोंडीच येतात, आणि म्हणून संयोजक ती दिवस कलल्यावर ठेवतात. श्रोत्यांना दुपारी बोलावू नये, हे सांगावयास कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. परंतु ज्या माणसाला भर दुपारी उसाच्या फडात, वीटभट्टीवर किंवा रस्त्याच्या खडीवर उभे राहावेच लागते, त्याची वेळ कोणी ठरवावयाची? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. हवामान बदलत आहे, त्याचा परिणाम माणसाच्या शरीरावर होत आहे, आणि या बाबतीत आपण निवडून दिलेल्या मंडळींनी, म्हणजे कायदे करणाऱ्यांनी, काय करावे याचा थोडा विचार आम्ही आपणांसमोर मांडणार आहोत.

प्रथम ऊन खरोखरच वाढले आहे काय, हे पाहू. म्हाताऱ्या माणसांना आपल्या तरुणपणचा उन्हाळा सौम्यच वाटतो, तेव्हा केवळ आठवणीवर विसंबून चालणार नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे नमूद आहे. २०२४ हे साल तर साऱ्या पृथ्वीवर नोंदलेले सर्वांत उष्ण साल ठरले. पाऊण अंश म्हणजे काय मोठेसे, असे कोणी विचारील. परंतु हा सरासरीचा आकडा आहे. सरासरी पाऊण अंशाने सरकली की चाळीस-बेचाळीस अंशांच्या दिवसांची संख्या वाढते, ते दिवस लवकर सुरू होतात आणि रात्रीही अंग निवत नाही. २०२२ चा मार्च महिना हा देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च होता.

या मार्चचा आणि आपला संबंध जवळचा आहे. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात ऊस अमाप झाला. मराठवाड्यात मे उलटला तरी तो रानात उभा होता आणि गाळप जूनपर्यंत चालले. सरकारने उशिराच्या उसासाठी वाहतुकीचे आणि साखर-उताऱ्यातील घटीचे अनुदान दिले. ते द्यावयास नको होते असे आम्ही म्हणत नाही. शेतकरी हवालदिल झाला होता. पण त्या अनुदानाच्या हिशेबात उतारा होता, किलोमीटर होते. एप्रिल-मेच्या उन्हात कोयता चालविणाऱ्या माणसाचे शरीर त्या हिशेबात कोठेही नव्हते.

आपला माजलगाव तालुका या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंवर बसलेला आहे. सिंदफणेवरील धरणाच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहतो. आणि शेजारच्या धारूर-वडवणीच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. कोयता म्हणजे येथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी, हे दिंद्रुडच्या श्रोत्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. तेव्हा उसाचा मालक आणि उसाचा मजूर हे दोघेही या सभेत बसलेले आहेत असे धरूनच आम्ही बोलत आहोत.

ऊन शरीराला काय करते? आपल्या शरीराची उष्णता ३७ अंशांच्या आसपास राहावी लागते. कष्ट करणारे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते आणि घामावाटे ती बाहेर टाकते. भर उन्हात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाते. ते भरून निघाले नाही तर रक्त आटते, हृदयावर ताण पडतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते. आणि शरीर ४० अंशांपलीकडे गेले की मेंदूचा ताबा सुटतो. यालाच आपण उष्माघात म्हणतो. खिशात कांदा ठेवणे, पन्हे पिणे, ताक पिणे या आपल्या जुन्या चाली आहेत. पन्ह्यात आणि ताकात पाणी आणि मीठ दोन्ही असल्यामुळे ती उपयोगीही आहेत. पण उष्माघात झालेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात गार पाण्याने थंड करावे लागते. ते काम कांद्याने होत नाही. त्याला पाणी, सावली आणि जवळ असलेला माहितगार माणूस लागतो.

आणि मरणे एवढाच परिणाम नव्हे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऐन तिशी-चाळिशीतले ऊसतोडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागले. त्यांना मधुमेह नव्हता, रक्तदाब नव्हता. दिवसामागून दिवस उन्हात, पाण्यावाचून केलेले कष्ट हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे संशोधकांना आढळले. तेव्हा २०१४-१५ च्या हंगामात एल साल्वादोरमध्ये एक प्रयोग झाला. फडात हलविता येईल अशी सावली, प्रत्येकाच्या पाठीवर पाण्याची पिशवी, ठरलेल्या वेळी विसावा आणि सुधारलेला कोयता, एवढीच त्याची सामग्री. मालकांना भीती होती की ऊस कमी तुटेल. झाले उलटेच, माणशी तोड वाढली. ज्यांना हा प्रश्न चैनीचा वाटतो त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुष्काळ हाही या प्रश्नाचाच भाग आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच एप्रिलमध्ये आपल्या बीड जिल्ह्यात बारा वर्षांची एक मुलगी उन्हात हापशावरून पाणी वाहता वाहता कोसळली आणि मरण पावली. तिचा मृत्यू उन्हाने झाला, की पाण्याच्या टंचाईने, की घरातील पाणी मुलींनीच भरावे या रीतीने? तिन्ही कारणे एकत्र आली होती. म्हणूनच हा प्रश्न एकट्या आरोग्यखात्याच्या हाती सोपवून सुटणारा नाही. पाणी, मजुरी, रोजगार आणि आरोग्य या चारही खात्यांना एका कामाला जुंपण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्यानेच तो हाती घ्यावयास हवा. आणि असा अधिकार फक्त कायदेमंडळाकडे असतो.

येथे कोणी म्हणेल, उन्हाला कायदा काय करणार? प्रश्न रास्त आहे. कायद्याने पारा उतरत नाही. पण ऊन सर्वांवर सारखे पडत असले तरी त्याने मरणारे सर्व थरांतले नसतात. ऊन निसर्गाचे आहे. त्यात कोणी, किती वेळ आणि कोणत्या अटीवर उभे राहावयाचे, हे माणसांनी ठरविलेले असते, आणि म्हणून ते माणसांना बदलता येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर दुपारी उघड्या मैदानावर झालेल्या सरकारी समारंभानंतर उन्हाच्या त्रासाने १४ माणसे दगावली. तेथे ऊन टाळता येण्याजोगे नव्हते, पण समारंभाची वेळ बदलता येण्याजोगी होती.

आता आजवर काय झाले आहे ते पाहू. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, आणि २०१३ साली त्या शहराने देशातला पहिला उष्णता आराखडा केला. आधी इशारा द्यावयाचा, इस्पितळे सज्ज ठेवावयाची, पाणपोया उघडावयाच्या, असा तो आराखडा. त्यामुळे वर्षाला सुमारे अकराशे मृत्यू टळले, असा पुढे अभ्यासकांनी अंदाज केला. पुढे नागपूर आणि इतर शहरांनीही असे आराखडे केले. ही कामे चांगली आहेत. परंतु आराखडा हा कागद आहे. तो पाळला नाही म्हणून कोणाला जाब विचारता येत नाही, आणि पाण्याची टाकी आली नाही म्हणून फडातील बाईला कोठे दाद मागता येत नाही. शिवाय पैशाचा प्रश्न आहे. आपत्तीच्या निधीतून कशाकशाला मदत द्यावयाची याची केंद्राची एक यादी असते. २०२१ साली पंधराव्या वित्त आयोगाचा अहवाल आला तेव्हा त्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. आणि यादी वाढविण्याची मागणी आयोगाने मानली नाही. राज्याने मात्र आपल्या निधीतील दहा टक्के रक्कम स्थानिक आपत्तींवर खर्च करावी अशी मुभा होती. केरळने २०१९ साली त्या वाटेने जाऊन उष्णतेला राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केले.

तेव्हा आता कायदा हवा, असे आम्ही म्हणतो. पण कोणता कायदा? या महाराष्ट्राने आरोग्याचे आणि संकटाचे दोन प्रकारचे कायदे पाहिले आहेत, आणि त्यांची तुलना फार उद्बोधक आहे.

पहिला १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा. मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारीत अवघ्या चार कलमांचा कायदा घाईने मंजूर झाला. त्यात अधिकाऱ्यांना घरांत शिरण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे सारे अधिकार मिळाले. रोग्याला मात्र एकही हक्क मिळाला नाही. त्याची अंमलबजावणी पुण्यात कशी झाली आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याची परिणती कशात झाली, ते आपण शाळेत शिकलो आहोत.

दुसरा कायदा १९७७ चा, रोजगार हमीचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून ज्यांनी दिवस काढले, त्यांतील कोणी आजही आपल्या गावांत असतील. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना तासगाव तालुक्यातील विसापूरला आधी लहान प्रमाणावर करून पाहिली होती. दुष्काळात ती राज्यभर गेली, आणि अखेर तिचा कायदा होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कायद्याचे वैशिष्ट्य काय? काम मागणे हा मजुराचा हक्क ठरला. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता देणे सरकारवर बंधनकारक झाले. आणि पैसा कोठून यावयाचा तेही आधीच ठरले होते: शहरातील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला गेला आणि तितकीच रक्कम सरकारने आपली घातली. म्हणजे मुंबईचा नोकरदार बीडच्या मजुराच्या भाकरीसाठी कर देऊ लागला, आणि साऱ्या सभागृहाने त्याला मान्यता दिली. २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला तो याच धर्तीवर.

संकटकाळी अधिकाऱ्याला अधिकार देणारा कायदा आणि संकटकाळी माणसाला हक्क देणारा कायदा, असे हे दोन नमुने आहेत. उन्हाचा कायदा करावयाचा तर तो दुसऱ्या नमुन्याचा असावा, हे आमचे आजचे मुख्य म्हणणे आहे.

त्या कायद्यात काय असावे? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, दुपारचा विसावा. ही मागणी नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची सुट्टीही मागितली होती. १० जून १८९० पासून साप्ताहिक सुट्टी मिळाली आणि १८९१ च्या कायद्याने दुपारची सुट्टीही दिली. म्हणजे छपराखाली काम करणाऱ्याला दुपारचा विसावा मिळून सव्वाशेच्या वर वर्षे झाली; उघड्या रानातल्या माणसापर्यंत तो अजून पोचलेला नाही. कतारने २०२१ साली १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करविण्यास मनाई केली. केरळचे कामगार खाते उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन काम थांबविण्याचे आदेश काढते. मात्र येथे एक खाच आहे. ऊसतोड्याची मजुरी टनावर असते. त्याला नुसते 'बस' म्हटले तर त्याचा टन बुडतो, आणि उचल फेडावयाची असल्यामुळे तो बसणारच नाही. म्हणून कडक उन्हाच्या दिवसांत टनाच्या दरातच विसाव्याची भर धरली पाहिजे. मजुरीवाचूनचा विसावा हा विसावा नव्हे, तो खाडा होतो.

दुसरी गोष्ट, मालक कोण हे ठरविणे. फडात कोणी कोसळला तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे, आणि शेतकरी म्हणतो, माझा तर फक्त ऊस. ही अडचणही महाराष्ट्राने एकदा सोडविलेली आहे. माथाडी हमालांनाही एक ठरलेला मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरील वाढीव रक्कम मंडळाकडे भरावयाची, आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी द्यावयाचे, अशी व्यवस्था लागली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले, आणि त्यासाठी गाळलेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी व तितकेच सरकारने द्यावयाचे असे ठरले. म्हणजे पैशाचा ओढा काढलेला आहे. त्यातून फडातील सावली, पाणी आणि विम्याचा वाटा कायद्याने बांधून द्यावा, म्हणजे त्याचा बोजा लहान शेतकऱ्याच्या अंगावर पडणार नाही.

तिसरी गोष्ट, मोजदाद. उन्हाने मेलेला माणूस कागदावर बहुधा हृदय बंद पडून मेलेला असतो. जे मोजले जात नाही त्याला अर्थसंकल्पात जागा मिळत नाही. मोजल्याने काय होते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याची ओरड झाल्यावर २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. याला एकटे ऊन कारण आहे असे कोणी म्हणणार नाही. त्यामागे खाड्याचा दंड आहे, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि शस्त्रक्रिया करून मोकळे होणारे वैद्यही आहेत. पण आकडा पुढे आल्यावरच खासगी दवाखान्यांतील अशा शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीची अट आली. उन्हाच्या बाबतीतही असेच व्हावे. प्रत्येक मार्च-ते-जूनमधील मृत्यूंची तुलना मागील वर्षांशी करून तिचा अहवाल सभागृहासमोर ठेवणे कायद्याने बंधनकारक करावे.

चौथी गोष्ट, दाद. पाणी, सावली व विसावा मिळाला नाही तर मजुराने कोणाकडे जावयाचे, किती दिवसांत उत्तर मिळावयाचे आणि न मिळाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, हे कायद्यातच लिहिलेले असावे. बेकारी भत्त्याचे कलम नसते तर रोजगार हमी ही केवळ सदिच्छा ठरली असती.

हे राज्याच्या अधिकारात येते काय, अशी शंका कोणी घेईल. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे, आणि कामगारांचे कल्याण केंद्र व राज्य या दोघांच्या समाईक सूचीत आहे. ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्यच ठरविले आहे. आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा १४ व्या व २१ व्या अनुच्छेदांतून निघणारा नागरिकांचा हक्क आहे, असे मानले. हक्क न्यायालयाने ओळखला. त्याला हातपाय देणे हे आता कायदेमंडळाचे काम आहे. १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा देशातला पहिला कायदा मुंबईच्या कायदेमंडळाने केला. आदल्या वर्षी त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभागृहात उभे राहिले होते. पहिले पाऊल टाकण्याची या प्रांताची परंपरा आहे.

कायदा झाला तरी तो पाळतो कोण, हा शेवटचा आक्षेप. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण न पाळलेल्या कायद्यासाठी भांडता येते. नसलेल्या कायद्यासाठी नुसते रडता येते. आणि कायदा होईपर्यंतही आमदारांच्या हाती साधने आहेत. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, कपात सूचना आहे, अशासकीय विधेयक आहे. अर्थसंकल्पी अधिवेशन ऐन उन्हाळ्याच्या आधी भरते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मतदारसंघात किती माणसे उन्हाने दगावली आणि येत्या उन्हाळ्यासाठी किती तरतूद आहे, एवढे दोन प्रश्न बीड जिल्ह्यातील प्रत्येक प्रतिनिधीने दरवर्षी विचारले तरी खात्यांची झोप उडेल.

मात्र प्रतिनिधी तेच विचारतात जे त्यांना विचारले जाते. मते मागावयास येणाऱ्यांना आपण रस्ता विचारतो, दिवे विचारतो, सभामंडप विचारतो. त्याच यादीत फडातल्या पाण्याचा आणि दुपारच्या विसाव्याचा प्रश्न घालावा. आपल्या ग्रामसभेने तसा ठराव करून आमदारांकडे पाठवावा, आणि पुढल्या अधिवेशनानंतर त्याचे काय झाले ते त्यांना येथे बोलावून विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.